पंखेवाल्यांचे स्वामी सर

“अरे बंद करा! बंद करा ते! अजून लग्न लागलं न्हाई!”

नवरीचा मामा ओरडत होता. भाचीच्या पाठीशी उभं राहायचं सोडून तो स्टेजवरून उडी मारून निघाला होता. फेटा एका कानावर आलेला, मुठीत अक्षता तशाच, आणि तोंडाचा रंग फेट्यापेक्षा गडद. मानवतच्या एका कापूसवाल्याच्या घरचं लग्न. माणूस इतकं लोटलेलं, ऊन असं की मांडवाच्या एका टोकाकडून फेकलेल्या अक्षतेचा दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत भात व्हावा.

आता रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. मंगलाष्टकाचं प्रत्येक कडवं ‘सावधान’वर संपतं, दर वेळी चिमूटभर अक्षता पडतात, पण वाजंत्री गप्प बसतात. शेवटच्या ‘सावधान’ला कोणीतरी स्टेजवरून टॉवेल हलवतो आणि मग वाजंत्र्यांनी तुटून पडायचं. वाजलं की लग्न लागलं. वाजलं की हार पडले. आणि वाजलं की पब्लिक पंगतीकडे पळाली. त्या दिवशी तिसऱ्या कडव्यालाच नवरदेवाच्या काकानं घाम पुसायला टॉवेल काढला, आणि वाजलं.

वाजलं तेही काय! सनई नाही, ‘बहारों’ नाही. शंभर पत्र्याचे डबे, त्यात शंभर बेडूक, आणि तो सगळा ऐवज कोणीतरी जिन्यावरून सोडून दिलाय, असा आवाज बँजो पार्टीच्या गाड्यावरून उठला. नवरानवरीनं दचकून एकमेकांच्या गळ्यात हार टाकले. हजारभर माणसांनी अक्षता भिरकावल्या आणि चपला न शोधता पंगत धरली. मांडवात उरलो आम्ही चारदोन जण आणि मंगलाष्टकं म्हणणारे महाराज. ते बिचारे हात वर करून सांगत होते, “अजून दोन कडवी हायेत हो! दोन!” पण त्यांचं ऐकणारं माणूस बुंदीपर्यंत पोचलं होतं.

गाड्यावर आमचे स्वामी सर होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोळ्यांवर पिवळा गॉगल, एक हात कीबोर्डवर, दुसरा छातीवर, आणि जागच्या जागी उड्या. मामानं गाड्यावर चढून स्पीकरच्या तोंडात फेटा कोंबला तेव्हा कुठे सरांनी मान वर केली.

“काय झालं?”

“लग्न राहिलंय माझ्या भाचीचं!”

“मग लावा की,” सर म्हणाले. “आमचंबी अर्धं राहिलंय.”

स्वामी सर पूर्णेला आमच्या शाळेत संगीत शिकवत. मी भूगोल. घराणं जंगमाचं, वडील गावोगाव पूजा सांगत हिंडलेले, त्यामुळे आवाज असा कमावलेला की सरांनी वर्गात हजेरी घेतली तर शेजारच्या वर्गातली मुलंही ‘हजर’ म्हणत. अंगानं काडी. पण त्या काडीला कोणी जन्मतःच ओढून पेटवून ठेवलं होतं. सर चालत नसत, सुटत. जिना चढताना मधल्या पायऱ्यांना त्यांचा पाय कधी लागला असेल, तर त्या पायरीनं शपथेवर सांगावं.

त्यांच्या हाताखाली आमच्या शाळेची प्रार्थना वर्षागणिक वेगवान होत गेली. पहिल्या वर्षी ती रीतसर प्रार्थना होती. पुढे पुढे पोरं हात जोडेपर्यंत ती संपून जाई आणि पोरं तशीच हात जोडून वर्गात जात. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, एकदा म्हणाले, “स्वामी सर, जरा सावकाश. देवाला समजलं पाहिजे.”

“देवाला लय कामं हायेत सर,” स्वामी सर म्हणाले. “आपण तेचा टाइम कशाला खायचा?”

संगीताबद्दल त्यांची दोनच वचनं होती. पोरांना सांगत, “जोर लावा रे, सूर आपोआप येतोय मागं.” आणि आम्हाला सांगत, “गाणं म्हणजे काय? वेळेत केलेला दंगा.”

आणि ती उडी. गळ्यातलं इष्टलिंग हिसके खाऊ नये म्हणून उडी मारताना सर डावा हात छातीवर दाबून धरत आणि उजव्या हातानं वाजवत. पोरांना वाटलं, सरांच्या त्या जपानी गाण्याची ही पद्धतच आहे. मग काय, स्नेहसंमेलनात आमची पूर्ण आठवी छातीवर हात ठेवून उड्या मारायला लागली. पाहुणे म्हणून आलेले डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, “एवढ्या लहान वयात सगळ्यांनाच त्रास आहे का हो?”

तर जपान. ते खूळ शिरलं कसं, हे मला आजही नीट कळलेलं नाही. सर सांगत की एका उन्हाळ्यात बिघडलेल्या कीबोर्डची दुरुस्ती मोबाइलवर शोधताना बोट चुकीच्या जागी पडलं आणि समोर चार जपानी माणसं उभी राहिली. त्यांच्या बँडचं नाव होतं ‘सेम्पुकी’, म्हणजे विजेचा पंखा. आमच्या स्टाफरूमनं त्यांचं लगेच मराठीकरण केलं : पंखेवाले.

दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की सर पंखेवाल्यांचं चरित्र लावत. मोबाइल त्यांना जपानीचं मराठी करून देई. पण ते मराठी असं असे की त्याचं पुन्हा मराठी करायला सरच लागत. आणि सर ते अशा थाटात सांगत, की खुर्चीत बसलेले असूनही कमरेला उपरणं बांधलंय असं वाटावं.

“तर बगा, कारखान्याचं गाव. पंखे बनवायचा कारखाना. तिथं कामाला एक पोरगी. दिवसभर पंख्याची घरघर ऐकून ऐकून तिच्या डोक्यात सूर बसला. तिनं काय केलं? भंगारवाल्याकडून मोडकी वाजवायची यंत्रं आणली. तीन गडी जमवले. पहिला कार्यक्रम ठेवला. ऐकायला किती माणसं?”

“किती?” आम्ही सगळे. पोळी हातात तशीच.

“एक! अन् तो कोण? तर भंगारवाला! म्हणला, चुकून चांगलं यंत्र दिलं, वापस द्या!”

“मग दिलं का?”

“उद्या सांगतो,” म्हणून सर हात धुवायला जात. आणि आम्ही पदवीधर, पंचविशी-तिशीपासून नोकरी करणारी प्रौढ माणसं, उद्याची वाट बघत बसू.

त्या चरित्रावर आम्ही अख्खं साल काढलं. पंखेवाली बाई कीबोर्ड दोरीनं गळ्यात बांधून गर्दीत पळायची. एकदा पळता पळता वायर निसटली, सगळा आवाज बंद. पण बाई थांबली नाही. यंत्राचे आवाज तोंडानं काढत गल्लीत गेली, गल्लीतून बाजारात, आणि पब्लिक तिच्या मागं. मग त्यांचा ड्रमवाला सोडून गेला. का? तर बापाचं सोयाबीनच्या पनीरचं दुकान होतं, ते बघायला. इथे सर थांबले आणि अभिमानानं म्हणाले, “आपलं सोयाबीन कुठं कुठं घरं फोडायलंय बगा.” मग बाईनं ड्रमवाल्याच्या जागी एक मशीन आणून ठेवलं. मग ते परदेशात गेले. तिकडे बर्फात गाडी रुतली, तर बर्फातच वाजवलं, आणि सरांच्या सांगण्याप्रमाणे बर्फ वितळून गाडी निघाली. हे मी भूगोलाचा शिक्षक असूनही मानलं. जपान हा धडा माझा. पण परीक्षेत ‘जपानमधील प्रमुख उद्योग’ या प्रश्नाला निम्म्या वर्गानं ‘उड्या मारणे’ लिहिलं. मी अर्धा गुण दिला.

ऐकून ऐकून सरांना वाटू लागलं की आपणही वाजवावं. पूर्णेत गौसभाईंची बँजो पार्टी होती. चार चाकांचा गाडा, त्यावर स्पीकरची भिंत, पोटात जनरेटर. गौसभाई स्वतः इलेक्ट्रिक ड्रमचं पॅड वाजवत. माणूस मोजकं बोलणारा. बोलण्यातली सगळी बचत तो पॅडवर उधळायचा. त्यांचा कीबोर्डवाला हैदराबादला निघून गेला होता. सर गेले आणि म्हणाले, “गौसभाई, मी येतो. लग्नाची गाणी वाजवीन. फक्त एक गाणं माझं.”

“कौनसा?”

सरांनी मोबाइलवर ऐकवलं. गौसभाईंनी थोडं ऐकलं, मग शांतपणे विचारलं, “सर, ये मशीन बिगडेली हाय का गाणंच असं हाय?”

“गाणंच असं हाय.”

“फिर ठीक हाय. मशीन रिपेर करायला लय वैताग येतो.”

सराव गौसभाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाले. शेडच्या मागच्या भिंतीला रेल्वेचं क्वार्टर, आणि त्यात रात्रपाळीचा इंजिन ड्रायव्हर. दिवसा झोपायचा त्याचा हक्क. इकडे गाणं जरा रंगात आलं की तिकडून बनियनवर तो यायचा आणि पत्रा वाजवायचा, “ओ मास्तर! रातभर मालगाडी चालवून आलोय! तुमच्यापरीस ती बरी वाजती!” सर हात जोडत, तो गेला की थोडं थांबत, मग हळू आवाजात पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ड्रायव्हर. पुन्हा पहिल्यापासून. सर म्हणायचे, “पहिल्यापासून घेतलं की पाया पक्का होतोय.”

मानवतचं तुम्ही पाहिलंच. चुडाव्याचं त्याहून वरचं.

चुडाव्याला गावचा काही कार्यक्रम होता, स्टेशनाच्या अलीकडच्या मैदानात. सरांनी पंखेवाल्यांच्या गाण्याची सुरुवात केली. त्या गाण्याच्या तोंडाला एक लांबलचक सूर आहे. दूरवरून येणाऱ्या गाडीच्या भोंग्यासारखा. सूर निघाला आणि पहिल्या रांगेतली एक बाई उठली. “आली वाटतं गं गाडी!” तिच्या मागं तिची बहीण. बहिणीच्या मागं तिचं सामान. बघता बघता अर्धं गाव, पिशव्या, पोरं, एक कोंबडी, सगळे स्टेशनात. निम्म्यांना तर कुठं जायचंही नव्हतं. गाडी आली म्हणून गेले. गाडी काही नव्हती. लोक चिडून परत आले आणि गाड्याभोवती जमले. “ओ गुरुजी, तुमचं ते बंद करा आधी!” सरांनी बंद केलं. तेवढ्यात खरोखरची पॅसेंजर भोंगा देत आली. आता मात्र कोणी हललं नाही. एक म्हातारे तेवढे म्हणाले, “पुन्हा वाजवायलेत बगा, बंद केलंय म्हणून सांगून.” गाडी उभी राहिली, आणि गेली. त्या दिवशी पूर्णेला जाणारे सगळे चुडाव्यालाच मुक्कामी राहिले. दोन सोयरिकी जुळल्या म्हणतात. त्याचं श्रेय सरांना कोणी दिलं नाही.

येताना टेम्पोत पूर्णा जवळ आल्यावर सर म्हणाले, “पंखेवाल्यांनी चालू केलेलं एकबी गाणं अर्ध्यात सोडलं न्हाई हो. वायर निघाली, बर्फ पडलं, गडी पळाले; पण गाणं शेवटाला नेलं. आपलं एकदा, एकदा तरी शेवटापत्तोर जाऊ द्या. मग काही का म्हणंनात लोक.”

मी म्हणालो, जाईल. गौसभाई गाड्याची चाकं बांधलेली आहेत का ते बघत होते.

आणि मग सरांचं निवृत्तीचं वर्ष आलं, आणि त्याच वर्षी ती बातमी. दुपारच्या सुट्टीत सर आले, बसले, डबा उघडला नाही. कोणीतरी विचारलं, “काय सर, आज पंखेवाले कुठं पोचले?”

“थांबले.”

“कुठं थांबले?”

“थांबले म्हणजे, बंद केलं. बँडच बंद. शेवटचा कार्यक्रम करून घरी जाणार हायेत.”

स्टाफरूममध्ये असं वाटलं की मयताच्या घरासारखी कोणीतरी उठून घागर उपडी करावी. ज्या माणसांना आम्ही कधी पाहिलं नाही, ज्यांचं एकही गाणं आम्ही कधी अर्ध्याच्या पुढं ऐकलं नाही, त्यांच्यासाठी आमच्या गणिताच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“भांडण झालं का हो?” बाईंनी विचारलं.

“न्हाई. बाई म्हणली, जेवढं करायचं व्हतं तेवढं झालं.”

“मग चांगलंच की सर,” मी म्हणालो.

“चांगलंच हाय,” सर म्हणाले. “तेंचं झालं. आपलं एक गाणं झालं न्हाई.”

निरोप समारंभाला काय हवं, असं मोठ्या सरांनी विचारलं तेव्हा स्वामी सरांनी घड्याळ नको म्हटलं, कपडे नको म्हटले. म्हणाले, “एक गाणं. कोणी थांबवायचं न्हाई.”

मोठे सर शब्दाचे पक्के. त्यांनी शाळेची घंटा वाजवायचा हातोडा काढून स्वतःच्या कपाटात ठेवला. फाटकाला कुलूप घातलं. त्या इंजिन ड्रायव्हरला मानाचं निमंत्रण देऊन पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीवर बसवलं. हातात नारळ दिला, म्हणजे पत्रा वाजवायला हात मोकळा नको. आणि माइकवर जाहीर केलं, “आज काहीही झालं तरी मी थांबवणार नाही. तुम्हीही नाही. भूकंप आला तर बसल्या जागी बसा.”

गौसभाईंचा गाडा मैदानात आला. जनरेटर धडधडला. सरांच्या मंडळी, आमच्या वहिनी, पहिल्या रांगेत कडेला बसलेल्या. त्यांनी पदराचं टोक आधीच कानात घालून ठेवलं होतं, इतक्या वर्षांच्या संसाराची सवय. सरांनी गॉगल चढवला, छातीवर हात ठेवला, आणि सुटले.

सूर निघाला. कोणी स्टेशनाकडे पळालं नाही. दंगा सुरू झाला. कोणी फेटा घेऊन आलं नाही. पोरं छातीवर हात ठेवून उड्या मारायला लागली आणि मैदानातली धूळ लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेली. मानवतची जागा मागं पडली. चुडावा मागं पडला. पत्र्याच्या शेडमध्ये जिथं ड्रायव्हर यायचा तीही जागा आली. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्यानं नारळ घट्ट धरून ठेवला होता.

आणि गौसभाईंचे हात हवेत थांबले.

काय झालंय हे मला क्षणभर कळलं नाही. मग सरांचं तोंड पाहिलं आणि लख्ख कळलं. इतकी वर्षं रोज पहिल्यापासून, रोज पहिल्यापासून; पाया असा पक्का झाला होता की त्यावर सातमजली माडी उभी राहावी. पण पुढचं यांनी बसवलेलंच नव्हतं! नेहमी कोणीतरी थांबवायचंच. त्याच्या पुढं जायची वेळच आली नव्हती. आणि आज थांबवणारं कोणी नव्हतं.

सरांनी मोठ्या सरांकडे पाहिलं. त्या नजरेत अशी विनवणी होती की दगडानंही म्हणावं, ‘बंद करा आता.’ मोठे सर हात जोडून, मान डोलवून त्यांना धीर देत होते : चालू द्या, चालू द्या. सरांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तोही मान डोलवायला लागला. शत्रूही असा ऐन वेळी उलटतो. पोरांच्या उड्या थांबल्या. जनरेटर तेवढा धडधडत होता. वहिनींनी एका कानातला पदर काढला.

मग सरांनी गॉगल काढून खिशात ठेवला, डोळे मिटले, आणि एका बोटानं पुढं निघाले.

ते काय होतं, मला सांगता येणार नाही. थोडं चाचपडल्यासारखं, अंधारात भिंत धरून चालल्यासारखं. मग त्यात काहीतरी सापडल्यासारखं. एका दमात ओरडले सर, ते जपानी होतं की वडिलांच्या पूजेतलं, देव जाणे. गौसभाईंनी हळूच पॅडवर एक काठी टाकली. मग दुसरी. आणि दोघंही असे सुटले, असे सुटले, की लिंबावरचे बगळे उठून गोदावरीच्या दिशेनं गेले ते अजून आलेले नाहीत. फाटकाचं कुलूप आपोआप उघडलं, हे मी स्वतः पाहिलं. मग सरांनी दोन्ही हातांनी एकदम सगळा कीबोर्ड दाबला आणि गाड्यावर खाली बसले.

कोणी टाळी वाजवली नाही. वाजवणार कशी? या गाण्याचा शेवट कसा असतो, हे मैदानात बसलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. सगळे पुढच्याची वाट बघत बसले. मोठे सर तर अजून हात जोडून होते.

शेवटी सरच धापा टाकत म्हणाले, “झालं.”

मग टाळ्या-शिट्ट्यांचा जो दंगा झाला, तसा आवाज मी मानवतच्या मांडवातही ऐकला नव्हता. ड्रायव्हरनं आनंदाच्या भरात नारळ तिथंच फोडला.

सर आता लेकाकडे, लांबच्या शहरात असतात. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते त्या दिवशीचे. गाडा फाटकातून बाहेर चाललाय, सर स्पीकरच्या भिंतीला टेकून मागच्या फळीवर बसलेत, मांडीवर शाल, गळ्यात झेंडूचा हार, पाय खाली सोडून हलवतायत. वहिनी गाड्यामागून चालत म्हणतायत, “अहो, उतरा आता, लोक बघायलेत.” सर ऐकत नाहीत. कोपऱ्यावर वळेपर्यंत ते आमच्याकडे तोंड करूनच बसले होते.

मला मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी स्टेशनसमोरच्या हाटेलात गौसभाई चहा पीत होते. मी समोर जाऊन बसलो. विचारलं, “गौसभाई, खरं सांगा. ते शेवटचं जे वाजवलं, ते पंखेवाल्यांचंच होतं का?”

गौसभाईंनी बशीत चहा ओतला.

“मालूम न्हाई,” म्हणाले. “सर पुढं गेले, मी मागं गेलो.”